भिवादादाचा अर्धा ट्रान्सफॉर्मर

१

दुपारची जेवणं झाली की भोकरदनचा बाजारही डुलकी काढतो. मी तेवढ्या वेळात ट्रान्सफॉर्मर वाजवत बसतो. ‘वाजवत’ हा शब्द माझ्या बायकोचा, बेबीनंदाचा. तिच्या मते माझ्या वयाच्या माणसानं दुपारी जरा आडवं व्हावं, लोखंडाच्या ठोकळ्याला वायरी लावून पडद्याकडे टक लावून बसू नये. तिचं चुकत नाही. पण संसारात एवढा एकच नाद मी स्वतःसाठी ठेवला होता आणि तो कुणाच्या खिशाला किंवा लिव्हरला लागत नव्हता.

दुकान बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. पाटीवर ‘वसंत साउंड’ लिहिलंय, गाव मला वसंता म्हणतं. पोटापाण्यासाठी लग्नाचे डेक आणि मोबाइलचे चार्जर दुरुस्त करतो. नादासाठी जुने काचेच्या व्हॉल्व्हचे अँप्लिफायर पुन्हा उभे करतो.

वाजवणं म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. ट्रान्सफॉर्मरला एक चौकोनी लहर द्यायची. एकदम वर, एकदम खाली. लहर खाली आली की ट्रान्सफॉर्मरनं गप्प व्हायला हवं. तो होत नाही. थोडा वेळ थरथरत राहतो, आणि ती थरथर अँप्लिफायरमध्ये शिरली की गाण्याच्या आवाजाला बारीक धार चढते. ऐकणाऱ्याला काय खुपतं ते सांगता येत नाही, पण खुपतं. आमच्या धंद्यात याला रिंगिंग म्हणतात. पडद्यावर आधी उंच लाट दिसते, मग तिच्याहून लहान, मग आणखी लहान, आणि शेवटी सपाट रेघ. योग्य रेझिस्टर आणि कपॅसिटर शोधून जोडले की ही थरथर जागच्या जागी दबते. ते शोधायचं, एवढाच माझा दुपारचा खेळ.

त्यासाठी २००३ साली मी वाळूजच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या भंगारातून डिजिटल ऑसिलोस्कोप आणला. जुन्या स्कोपवर लहर दिसायची आणि पुसली जायची. हा लहर साठवून ठेवतो. काल काढलेली लहर आज पडद्यावर आणायची आणि तिच्यावर आजची ठेवून बघायची. मी इतका खूश झालो होतो की गल्लीतल्या चहावाल्यालासुद्धा बोलावून दाखवलं. आता वाटतं, यंत्राला आठवण नव्हती तेच बरं होतं.

२

मी या धंद्यात १९८१ साली आलो, एका भीमगीतांच्या गायन पार्टीचा मशीनवाला म्हणून. चौदा एप्रिलपासून मे संपेपर्यंत आम्हाला श्वास घ्यायला सवड नसे. आज आष्टी, उद्या धावडा, परवा कुठलं तरी वीज नसलेलं गाव आणि बैलगाडीत बॅटऱ्या. चिंचेच्या झाडाला कर्णे बांधायचे, व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबायचं, आणि मग पेटीवाला पहिला सूर धरायचा. तो सूर शिवारात जायचा तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा. अजून नुसतं आठवलं तरी डोळे भरून येतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

त्या सगळ्या मशिनींच्या पोटात धावड्याच्या भिवादादाच्या हातचे ट्रान्सफॉर्मर असायचे. दादा एरवी विहिरीवरच्या मोटारी भरायचा, पण ट्रान्सफॉर्मर भरणं, म्हणजे त्यात तार गुंडाळणं, ही त्याची पूजा होती. हातशिलाईच्या मशीनचं हँडल एका फळीवर ठोकून त्यानं वाइंडिंगचं मशीन केलेलं होतं. हँडल एकदा फिरलं की बॉबिनवर तारेचा एक वेढा. त्याचा आवाज कर्र असा सुरू व्हायचा आणि टक् करून संपायचा.

मशीनला मोजणी नव्हती. मोजायला कौसल्यावहिनी, दादाची बायको. ती शेजारी मांडी घालून मोठ्यानं आकडे म्हणायची. शंभर झाले की परातीत एक चिंचोका टाकायचा. मोजणी चालू असताना तिनं दुसरं अक्षर बोलायचं नाही आणि कुणी तिला हाक मारायची नाही. उठायची वेळ आलीच तर आकडा दुसऱ्याच्या हातात द्यायचा. म्हणजे तिनं आकडा म्हणायचा आणि दुसऱ्यानं तोच परत म्हणायचा. परत म्हटला की मोजणी त्याची. भरून झालं की मोजणारानं ‘पुरे’ म्हणायचं, त्याशिवाय दादा तार तोडायचा नाही.

मी कितीतरी दुपारी त्या खोलीत घालवल्या. वहिनीला चहा टाकायचा असला की ती माझ्याकडे बघून आकडा म्हणायची, मी परत म्हणायचो आणि ती हसत चुलीकडे जायची. शेणानं सारवलेली जमीन, वार्निशचा वास, आणि त्या दोघांमध्ये बोलण्याची जराही गरज नसलेला तो संसार. तसं सुख मी नंतर कुठे पाहिलं नाही.

१९९१च्या एप्रिलमध्ये दादा कामावर बसल्या बसल्या गेला. मी तेव्हा पार्टीबरोबर परतूरकडे होतो, मातीलाही पोचलो नाही.

३

स्कोप आणल्याच्या पुढच्याच वर्षी, २००४च्या फेब्रुवारीत, दादाची मुलगी कांता दुकानात आली. घर झाडायला काढलं होतं, तिनं वडिलांची एक पत्र्याची पेटी आणली होती. वहिनीला विचारलं का, असं मी म्हणालो, तर म्हणाली, “आईला काय दिसून राह्यलंय भाऊ? तुमच्याकडं असली म्हंजे चांगल्या जागी हाय.”

पेटीत एक गुंडाळलेलं बॉबिन निघालं. वरून पिवळी सुती पट्टी, दोन टोकं बाहेर. मध्ये भरायच्या लोखंडी पट्ट्या मात्र नव्हत्या. मी त्याच आठवड्यात माझ्याकडच्या पट्ट्या भरल्या, बोल्ट आवळले, आणि भिवादादाच्या हातचा शेवटचा ट्रान्सफॉर्मर टेबलावर फुलासारखा जपून ठेवला.

जयंतीची धावपळ संपल्यावर तो वाजवायला घेतला. पहिल्या दिवशी लहर काढली आणि साठवली. सुरेख रिंगिंग होतं, एकसारखं विझत जाणारं. दुसऱ्या दिवशी रेझिस्टर शोधायला बसलो आणि कालची लहर आजच्या खाली ठेवली. पहिली लाट लाटेवर बसली. दहाव्या लाटेपर्यंत आजची रेघ केसभर मागे पडली होती.

आता एप्रिलमधलं आमचं ऊन म्हणजे काय विचारता. तापमानाचा फरक, मी म्हणालो. तिसऱ्या दिवशी ती आणखी मागे पडली. मग स्कोपचे प्रोब बदलून पाहिले, जोडण्या पुन्हा कथिलाचा डाग देऊन घट्ट केल्या. दुसरा एक ट्रान्सफॉर्मर शेजारी ठेवून त्याच्याही लहरी साठवल्या. त्याच्या चारही दिवसांच्या रेघा एकीवर एक बसल्या, जणू एकच काढली होती. दादाच्या मात्र चार दिवसांच्या चार.

थरथर संथ होत जाते याचा साधा अर्थ असा की आतले वेढे वाढले. वेढे वाढत नसतात, हे मलाही कळतं. तरी मी वरून माझ्या तारेचे दहा वेढे घातले. त्यांच्यात किती व्होल्ट येतात ते बघितलं की आतल्या वेढ्यांचा आकडा काढता येतो. सोळाशे चाळीस आला. दुसऱ्या दिवशी सोळाशे सत्तेचाळीस. त्याच्या पुढच्या दिवशी सोळाशे चौपन्न.

रोज सात. मी सकाळी दहाला मोजलं, मग दर तासाला मोजलं. सगळी वाढ अकरा ते तीनच्या मध्ये व्हायची. त्याच वेळात भिवादादा ट्रान्सफॉर्मर भरायला बसायचा.

बेबीनंदाला सांगितलं तर ती म्हणाली, “तुमचं मशीन भंगारातलं हाय, विसरले का?” मी हसलो. आणि खरं सांगतो, रात्री नीट झोपलोसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलं, मग अकरा वाजता दुकानाच्या बाहेर जाऊन उभा राहिलो. का, ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. तीनला आत येऊन मोजलं, सोळाशे एकसष्ट. मी पोरगा असतो तर पळालो असतो. मी वहीत आकडा लिहिला आणि चारची धावड्याची बस धरली.

४

कांता दारातच भेटली. नवऱ्याची गिरणी आहे जालन्याला, आईसाठी महिन्यातून आठ दिवस येऊन राहते. मला बघून तिला रडूच फुटलं.

“तुम्हीच सांगा भाऊ आता. आमचं बिलकुल ऐकत न्हाई ती. उजवा डोळा तर गेलाच. डॉक्टर म्हन्ले, डाव्याचा मोतीबिंदू या महिन्यात काढला तर निघंल, नंतर तोबी गेला समजा. जालन्याला दवाखान्यात तारीख घेतल्ती, गाडी दारात आणल्ती. उठलीच न्हाई.”

“कशामुळं?”

“मोजून राह्यली म्हने.”

वहिनी आतल्या खोलीत होती. तीच सारवलेली जमीन, आणि भिंतीशी तीच फळी, हँडलसकट. हँडलवर कोळ्याची जाळी धरली होती. म्हणजे ते फिरत नव्हतं, हे मी आधी पाहून घेतलं. वहिनी फळीकडे तोंड करून बसली होती, समोर परात, परातीत सोळा चिंचोके. वाळून एवढीशी झाली होती. डोळ्यांवर साय धरल्यासारखं पांढरं.

“जयभीम वहिनी. वसंता आलोय.”

“ये रे. बस. तीन वाजून गेले का?”

“गेले.”

“मंग बोल आता. आजचं झालं.” तिनं हात चाचपत माझा हात धरला. “डोळे गेले आन् कान आले बघ. फेब्रुवारीत एक दिवस बसल्ते, तर फळीकडून आवाज आला. कर्र आन् टक्. बारा-तेरा वर्सांनी. मी वळखला बराबर.”

माझी पट्ट्या भरायची वेळही तीच होती.

“त्या दिवशी मीच चुकले होते, वसंता,” ती म्हणाली. “दारात कुणी तरी हाक मारली, आन् मी आकडा कुणाच्या हातात न देता उठले. अकराशे चाळीसवर. बोलून परत आले तर हे तसेच बसलेले, तार हातात धरून. लोकांनी उचलून नेलं. पन पुरे म्हन्लंच न्हाई कुणी. बावीसशे भरायचे होते.”

“मग तुम्ही आता…”

“अकराशे एक्केचाळीसपासून मोजून राह्यले. दुसरं कोण मोजंल त्यांच्यासाठी?”

मला विचारायचं नव्हतं. विचारलं.

“आज किती झाले, वहिनी?”

“सोळाशे एकसष्ट.”

वही माझ्या पिशवीत होती. ती उघडून बघायची गरज नव्हती.

५

कांतानं मला अंगणात ओढलं. तिला माझा आकडा माहीत नव्हता, सांगायची माझी हिंमत नव्हती. तिचं एकच म्हणणं होतं. आईला काहीही सांगा, खोटं सांगा, पण डोळा वाचवा. तेरा वर्षं ही बाई एकटी राहिली, आता उरलेली वर्षं अंधारात काढायची का? मला ते पटलं. मी त्या बाईच्या हातचं किती खाल्लं होतं. मी तिच्यासाठी काही करायचं असेल तर याच वेळी करायला हवं होतं.

तो मुक्काम मी तिथेच केला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता वहिनी मांडी घालून बसली, मी शेजारी बसलो. मला काही ऐकू येत नव्हतं. गल्लीत शेळी ओरडत होती, कांता भांडी लावत होती. मध्येच वहिनी “सोळाशे बासष्ट” म्हणाली. फळीवरचं हँडल जागचं हललं नाही, जाळीसुद्धा तुटली नाही.

मग मी बोललो. “वहिनी, आकडा माझ्या हातात द्या. तुम्ही जालन्याला जाऊन या, डोळा करून घ्या. तोवर मी मोजतो.”

तिनं मान माझ्याकडे वळवली. त्या चेहऱ्यावर किती थकवा होता ते मला तेव्हाच दिसलं.

“तुला ऐकू येतंय का पन?”

“येईल. दादाच्या हाताखाली मी काय नुसता चहा प्यायलो का?”

ती हसली. अगदी पूर्वीसारखी हसली. पुढचा वेढा व्हायला अर्धा तास लागला. मग माझ्याकडे बघून, म्हणजे मी जिथे असेन तिथे बघून, ती म्हणाली, “सोळाशे त्रेसष्ट.”

“सोळाशे त्रेसष्ट,” मी म्हणालो.

ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, कांताच्या खांद्याला धरून अंगणात गेली, आणि उन्हात उभी राहून तिनं मोठ्यानं श्वास सोडला. कांता रडत रडत कपडे पिशवीत कोंबायला लागली. घरात सगळीकडे हलकं हलकं वाटत होतं. मी उठायच्या बेतात होतो आणि माझ्या पाठीमागे, हातभर अंतरावर, कर्र झालं. मग टक्.

मी मागे पाहिलं नाही. आकडा मात्र म्हणालो.

६

आवाज धावड्यात राहिला नाही, माझ्याबरोबर दुकानात आला. टेबलाच्या पलीकडे गिऱ्हाइकासाठी एक लाकडी स्टूल आहे, आता आवाज तिथून यायचा. अकरा वाजले की मी शटर अर्धं ओढून बसायचो. कर्र, टक्, आणि त्याच क्षणी स्कोपवरची लहर केसभर ताणलेली दिसायची. मी आकडा म्हणायचो. ऐकणं, बघणं आणि बोलणं, तिन्ही एकदम.

पहिले काही दिवस मला चांगलं वाटलं, हे कबूल करतो. दुकानात वार्निशचा वास यायचा. डोळे मिटले की मी तेवीस वर्षांचा व्हायचो, बाहेर गाडीत कर्णे लादलेले, संध्याकाळी कुठल्या तरी गावात गाणं. मी मनात दादाशी बोलायचो. आता सगळं विकत मिळतं दादा, शिक्के मारलेले ट्रान्सफॉर्मर येतात, पण त्यांच्यात जीव नाही. आणि दादा मात्र आपला सावकाश वेढे घालतोय, अशी माझी समजूत होती.

बेबीनंदा दुपारी डबा घेऊन आली तर मला तिच्याशी बोलता येईना. वेढा कधी होईल याचा नेम नसतो. ती डबा ठेवून उभी राहिली. “घरी येता का हितंच अंथरून आणून देऊ?” मी हातानंच थांब म्हटलं. तेवढ्यात टक् झालं आणि मी तिच्या तोंडाकडे बघत म्हणालो, “सतराशे एकोणतीस.” ती जी गेली ती मग डबा चहावाल्याकडेच ठेवू लागली.

मी शिकलेला माणूस नसलो तरी मोजमापावर जगलेला आहे. एक दिवस ठरवलं, बघू. रेझिस्टर आणि कपॅसिटरची बरोबर जोडी सापडली होती, ती लावली. पडद्यावर रेघ झटक्यात सपाट झाली. बाकी कुठलाही ट्रान्सफॉर्मर इथे गप्प होतो. स्टुलाकडून कर्र, टक् चालूच. पट्ट्या उपसून टाकाव्यात म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि परत ठेवला. आत दादाचा हात असला तर? वहिनीला मी काय तोंड दाखवणार होतो?

मग माझ्या डोक्यात आलं, पुरे तर मीही म्हणू शकतो. मोजणी माझीच आहे. अठराशेच्या थोडं पुढे गेलो होतो. एक वेढा झाला, आणि मी आकड्याऐवजी म्हणालो, “पुरे.”

आवाज थांबला.

पंख्याची घरघर ऐकू आली, चहावाल्याच्या रेडिओवरचं गाणं ऐकू आलं. मला हायसं वाटायला हवं होतं. पण स्टूल हळूच करकरलं, बसलेला माणूस पुढे वाकला की करकरतं तसं. त्यानंतर काहीच नाही. कुणीतरी काम थांबवलं होतं आणि आता त्याच्याकडे दुसरं काही करायला नव्हतं. माझ्या गालाला गार लागलं. मी नजर टेबलावर खिळवली आणि जो आकडा म्हणायचा राहिला होता तो घाईघाईनं म्हणालो. स्टूल पुन्हा करकरलं. मग कर्र, टक्.

त्या दिवसापासून मी बावीसशेचा विचार टाळतो. तेव्हा पुरे म्हणावंच लागेल.

७

मे महिना संपत आला तेव्हा वहिनी आली. सकाळचे अकरा वाजून गेले होते. जालन्याहून धावड्याला जाताना गाडी बदलायची होती, कांता सामान घेऊन बसस्टँडवर थांबली होती. वहिनी एकटी, काठी न घेता, गल्ली ओलांडून शटरखालून वाकून आत आली. डोळ्यांवर दवाखान्यातला काळा चष्मा, अंगावर नवी साडी, आणि डोक्यावर पुढपर्यंत ओढलेला पदर. दादासमोर ती कायम असाच पदर घ्यायची.

“वसंता! केवढा काळा पडलास रे,” ती म्हणाली आणि स्वतःच खुदकन हसली. “मला दिसून राह्यलं बघ. तुझ्या पाटीवरचं अक्षर न् अक्षर दिसलं.”

मला इतका आनंद झाला की मी मोजणी विसरून बोललो. “बसा वहिनी, बसा.”

“बसायला न्हाई आले. माझा आकडा न्यायला आले. तू लई केलंस. आता मला ऐकू येत न्हाई पयल्यासारखं, डोळे आले आन् ते गेलं. पन दिसंल तरी. तेरा वर्सांनी तोंड तरी दिसंल.” तिनं चष्मा काढला आणि पदर सारखा केला. “कुठं बसतात हे?”

मी बोट केलं नाही. माझी नजर गेली असेल. ती स्टुलाकडे वळली.

तिच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. आधी ते तिथल्या तिथे थिजलं. ती टेबलाला धरून पुढे वाकली आणि पुष्कळ वेळ बघत राहिली. डोक्यावरचा पदर मागे घसरला, खांद्यावर आला. तिनं तो उचलला नाही.

“वसंता,” ती म्हणाली, “हे आमचे न्हाईत.”

“कोण न्हाईत वहिनी? तिथं स्टूल आहे नुसतं. नवा डोळा आहे, जरा वेळ लागेल.”

“हे आमचे न्हाईत,” ती पुन्हा म्हणाली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. तिनं हात पुढे केला. “दे. किती झाले सांग. माझ्या हातून सुटलेलं हाय ते, तू कशाला भोगायचं? दे मला.”

अठराशे सत्तरवर मोजणी होती. एवढं म्हटलं असतं की सवयीनं तिनं परत म्हटलं असतं, आणि मी घरी जाऊन बेबीनंदाच्या हातची भाकरी खाल्ली असती. माझ्या जिभेवर तो आकडा आला होता. खोटं कशाला सांगू, ओठसुद्धा उघडले होते. पण तिच्या त्या एका डोळ्यात पाणी होतं आणि त्या पाण्यातून ती मला स्वच्छ बघत होती. तो डोळा मी पुन्हा त्या खोलीत नेऊन बसवणार होतो का?

“झाले वहिनी,” मी म्हणालो. “बावीसशे कालच भरले. दादानं शेवटी वेग धरला. मी पुरे म्हणालो. संपलं.”

तेवढ्यात स्टुलाकडून कर्र झालं आणि टक् झालं. तिला ऐकू आलं नाही. लहर पडद्यावर ताणली गेली. मी तोंड मिटून घेतलं, कारण आकडा म्हटला असता तर तिनं तो घेतला असता.

“खरं?” ती म्हणाली.

“खरं.”

स्टूल करकरलं. गालाला गार लागलं. मी तिच्याकडे बघत हसत राहिलो, जेवढं जमलं तेवढं. बाहेर कांता हाका मारत होती, “आई, गाडी लागली, जल्दी!” वहिनीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, दोनदा. मी सेहेचाळीस वर्षांचा माणूस, मला तिच्या कुशीत तोंड खुपसून रडावंसं वाटलं.

शटरपाशी जाऊन ती थांबली. माझं खोटं तिला पटलं नव्हतं, हे मला तिच्या पाठीवरून कळलं. तिनं चष्मा चढवला.

“त्याचं तारेकडं ध्यानच न्हाई, वसंता,” ती हळू म्हणाली. “तोंड तुझ्याकडं हाय.”

मग ती वाकून बाहेर गेली. ती गेली याचा मला आनंद झाला, हे मी कुणालाही शपथेवर सांगेन. अर्ध्या शटरखालून मला तिचे पाय दिसत होते. पुढचा खड्डा तिनं आधीच पाहिला आणि बाजूनं गेली. मी टेबलावरून मान न उचलता ती गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत थांबलो, आणि मग आकडा म्हणालो.